चौकटींची करामत

छत्तीसगडमधल्या भिलाईच्या पोलाद कारखान्यापासून थोड्याच अंतरावर गनियारी नावाचे गाव आहे. पंडवानी, म्हणजे महाभारताची गाऊन सांगितलेली कथा, गाणाऱ्या तीजनबाई इथल्या. त्यांच्या हातात मोरपिसांनी सजवलेला तंबुरा असतो. गाता गाता तो भीमाची गदा होतो, पुढच्या ओळीत अर्जुनाचे धनुष्य होतो. वस्तू तीच राहते. बदलतो तो आवाज आणि पवित्रा, आणि समोर बसलेला माणूस मुकाट्याने मान्य करतो की होय, ही गदाच. श्याम बेनेगल यांनी दूरदर्शनच्या 'भारत एक खोज' या मालिकेत महाभारताच्या भागांसाठी ही पंडवानी घेतली आणि १९८८ साली घरोघरच्या पडद्यावर हा तंबुरा पोचला.

कॅमेरा मात्र इतका भाविक नाही. तो तंबुऱ्याला तंबुराच म्हणतो. त्याच्याकडून गदा कबूल करून घ्यायची तर फीत थांबवावी लागते, कापावी लागते, पुन्हा जोडावी लागते. आज भिलाईतल्या एखाद्या कॉलेजात शॉर्ट फिल्म करणारी मुले लॅपटॉपवर डिझॉल्व्ह, मास्क, क्रोमा हे शब्द सहज वापरतात. या करामती भारतात आल्या आणि रुजल्या त्या मुख्यतः मुंबई, नाशिक, कोल्हापूर आणि पुणे या चार गावांत, आणि रुजवणारी बहुतेक माणसे त्या वेळी स्वतःच शिकाऊ होती. त्यांना शिकवायला कोणी नव्हते, पैसा बेताचा होता आणि चूक झाली तर फीत वाया जात होती. या धंद्याचे सगळे शहाणपण त्या टंचाईतून आलेले आहे.

धुंडिराज गोविंद फाळके यांना आपण चित्रपटाचे जनक म्हणून ओळखतो. १९१२ साली मात्र ते बेचाळिशीतले विद्यार्थी होते. त्र्यंबकेश्वरात जन्म, मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत आणि मग बडोद्याच्या कलाभवनात शिक्षण, गोध्र्याला फोटो स्टुडिओ, पुरातत्त्व खात्यात नोकरी, लोणावळ्याला छापखाना असा त्यांचा प्रवास. मधल्या काळात ते जादूही शिकले आणि आडनावाची अक्षरे उलटसुलट करून 'प्रोफेसर केल्फा' या नावाने प्रयोग करू लागले. हा तपशील गंमत म्हणून सांगितला जातो, पण पुढच्या सगळ्या कामाची किल्ली तोच आहे. प्रेक्षकाचे लक्ष कुठे ठेवायचे आणि हात कुठे चालवायचा, हे जादूगाराला पक्के ठाऊक असते. पॅरिसचा चित्रपटकार जॉर्ज मेलिएस हाही मुळात जादूगारच. रस्त्यावर चित्रण चालू असताना त्याचा कॅमेरा अडकला, पुन्हा सुरू झाला, आणि फीत धुतल्यावर प्रवासी गाडीच्या जागी शववाहिका उभी राहिलेली दिसली, अशी त्याने स्वतः सांगितलेली हकीकत प्रसिद्ध आहे.

फेब्रुवारी १९१२ मध्ये फाळके विम्याची पॉलिसी गहाण टाकून लंडनला गेले. तिथे सेसिल हेपवर्थ यांच्या स्टुडिओत त्यांनी काम पाहिले, विल्यमसन कंपनीचा कॅमेरा घेतला, फितीला भोके पाडण्याचे यंत्र मागवले आणि एप्रिलमध्ये परत आले. आता चित्रपट काढायचा तर भांडवल हवे, आणि भांडवल देणाऱ्याला काहीतरी दाखवायला हवे. त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि कॅमेरा तिच्यासमोर रोवला. महिनाभराहून अधिक काळ थोडे थोडे चित्रण करत गेल्यावर मिनिटभराची फीत तयार झाली. पडद्यावर वाटाणा फुटला, कोंब वर आला, वेल झाला. 'अंकुराची वाढ' हे त्या फितीचे नाव. ती पाहून यशवंतराव नाडकर्णी यांनी कर्ज देण्याची तयारी दाखवली आणि 'राजा हरिश्चंद्र'चा मार्ग मोकळा झाला.

फाळके 'रोज एक चौकट' घेत होते, असे वाक्य पुस्तकांतून सर्रास येते. गणित वेगळे बोलते. तेव्हाचा कॅमेरा हाताने फिरवायचा आणि सेकंदाला साधारण सोळा चौकटी घ्यायच्या. दिवसाला एकच चौकट असती तर महिन्याच्या तीस चौकटी दोन सेकंदांत संपल्या असत्या. मिनिटभर फीत चालायची तर हजाराच्या आसपास चौकटी लागतात, म्हणजे दिवसाला तीसेक. माणूस दिवसभर कुंडीपाशी परत परत येत असला पाहिजे. कॅमेरा तसूभर हलता कामा नये, उजेड फार बदलता कामा नये, आणि पहिले चित्र घेण्याआधी शेवटचे चित्र डोक्यात तयार हवे. हा भारतातला पहिला विद्यार्थी लघुपट म्हणायला हरकत नाही. कमी खर्चात, एका करामतीवर उभा राहिलेला आणि पुढच्या कामासाठी दार उघडणारा.

या कामात फाळक्यांच्या पत्नी सरस्वतीबाई यांचा वाटा किती मोठा होता, हे तांत्रिक बाजूने पाहिल्याशिवाय कळत नाही. कच्ची फीत तेव्हा भोके न पाडलेली येई. अंधाऱ्या खोलीत यंत्रावर ती भोके पाडायचे काम त्या करत. फीत धुण्याचे कामही त्या शिकल्या. आता एकाच फितीवर दोनदा चित्रण करायचे असेल, म्हणजे हरिश्चंद्रापुढे देव प्रकटवायचा असेल, तर आधी राजाचे चित्रण करायचे, हातदांड्याचे फेरे मोजायचे, झाकण लावून फीत तितकीच मागे न्यायची आणि काळ्या पडद्यापुढे देवाला उभे करून पुन्हा फिरवायची. भोक केसभर जरी पुढेमागे पडले तरी साधे चित्र थोडे थरथरते एवढेच; पण दुहेरी चित्रणात राजा एका लयीत हलतो आणि देव दुसऱ्या, आणि सोंग उघडे पडते. फाळक्यांचे चमत्कार सरस्वतीबाईंच्या भोकांवर उभे होते, हे अगदी अक्षरशः खरे आहे.

३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कोरोनेशन थिएटरात 'राजा हरिश्चंद्र' लागला. त्यानंतर फाळके नाशिकला गेले आणि त्यांच्या करामती वाढत गेल्या. १९१५ च्या 'आगकाड्यांची मौज' या छोट्या फितीत काड्यापेटीतल्या काड्या आपोआप हलून आकार घेतात. एक काडी सरकव, एक चित्र घे, पुन्हा सरकव, असा तो खेळ. १९१७ च्या 'लंकादहन'मध्ये अण्णा साळुंके यांनी राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या. १९१८ च्या 'श्रीकृष्णजन्म'मध्ये कंसाचे शिर धडावेगळे होऊन वर तरंगते आणि परत जागेवर येते.

१९१९ चा 'कालियामर्दन' सगळ्यांत शिकण्यासारखा. फाळक्यांची लहानगी मुलगी मंदाकिनी त्यात कृष्ण झाली. सुरुवातीला ती मुलगी म्हणूनच आपल्यासमोर येते, चेहऱ्यावर वेगवेगळे भाव करून दाखवते, आणि मग त्याच चेहऱ्यावर हळूहळू कृष्णाचा वेष उमटतो. जादूगार आधी रिकामी पेटी उघडून दाखवतो, तशी ही रीत. शेवटी यमुनेत कृष्ण आणि कालियाची झुंज चालू असताना चित्र वारंवार काठावर जाते. तिथे व्याकूळ झालेले गोकुळ उभे आहे. पाण्यातला नाग आज पाहिला तर कापडाचा आणि लाकडाचा वाटतो, पण काठावरच्या माणसांचे चेहरे त्याला खरा करून सोडतात. इफेक्ट एका चौकटीत असतो आणि त्यावरचा विश्वास दुसऱ्या चौकटीत, ही गोष्ट फाळक्यांना शंभराहून अधिक वर्षांपूर्वी कळली होती. आजही कित्येक शॉर्ट फिल्ममध्ये आकाशातून यान उतरते आणि ते पाहणारा माणूस कुठे दाखवलेलाच नसतो.

याच सुमारास, १९१७ मध्ये, फाळक्यांनी 'चित्रपट कसे तयार करतात' ही फीत काढली. त्यात चित्रण, फीत धुणे आणि हातात पट्टी धरून ती न्याहाळणारे स्वतः फाळके दिसतात. आपली विद्या गुप्त ठेवण्याच्या काळात एका कारागिराने ती पडद्यावर मांडली, याचे मोल फार आहे. या सगळ्यातले जे काही आज उरले आहे, त्याचे श्रेय पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला आणि ते उभे करणाऱ्या पी. के. नायर यांना. १९६४ साली हे संग्रहालय सुरू झाले. 'राजा हरिश्चंद्र'ची पहिली आणि शेवटची रिळे तेवढी हाती आहेत. 'कालियामर्दन' बऱ्याच अंशी पाहायला मिळतो.

कोल्हापुरात बाबूराव पेंटर यांनी तर कॅमेराच घरी बनवला. आनंदराव आणि बाबूराव हे मेस्त्री बंधू नाटकाचे पडदे रंगवणारे. आनंदराव १९१६ मध्ये गेले आणि बाबूरावांनी विष्णुपंत दामले यांना हाताशी धरून कॅमेरा पुरा केला. १९२० मध्ये त्यांचा 'सैरंध्री' पुण्यात लागला. लोकमान्य टिळकांनी त्यांना 'सिनेमा केसरी' ही पदवी दिली. त्यातला कीचकवध पडद्यावर इतका खरा वाटला की प्रेक्षक हादरले आणि ते दृश्य काढून टाकावे लागले.

दामले, फत्तेलाल, शांताराम, धायबर आणि सीतारामपंत कुलकर्णी यांनी १९२९ मध्ये कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी काढली आणि १९३३ मध्ये ती पुण्याला आली. आपला स्टुडिओ, आपली प्रयोगशाळा, आपले सुतार आणि आपले संकलक असल्यामुळे इथे करामत एकट्याची न राहता खात्याचे काम झाली. १९३६ च्या 'संत तुकाराम'कडे या दृष्टीने पाहावे. शिवाजी महाराज कीर्तनाला आलेले असताना शत्रूचे लोक शोधायला येतात, तुकोबा धावा करतात, आणि बसलेल्या गर्दीत जो तो शिवाजी दिसू लागतो. गर्दीतली माणसे आणि वेष बदललेली माणसे यांच्यातला सांधा डोळ्याला न खटकता जुळणे, एवढ्यावर हे दृश्य टिकते. ए. आर. शेख यांचे संकलन आणि व्ही. अवधूत यांचे छायाचित्रण होते. पण हे दृश्य मनात राहते ते दुसऱ्याच कारणाने. त्याआधी कितीतरी वेळ चित्रपटाने आपल्याला देहूचे घर, तुकोबांची पत्नी जिजाई हिची चिडचिड, म्हैस, पोरे, रिकामे मडके दाखवलेले असते. दारिद्र्य इतके खरे दाखवल्यावर चमत्कारही त्याच घरातला वाटतो. १९३७ च्या व्हेनिस महोत्सवात या चित्रपटाची दखल घेतली गेली, ती निव्वळ करामतीची नव्हती.

प्रभात १९५३ मध्ये बंद पडली. १९६० मध्ये केंद्र सरकारने त्याच जागेत फिल्म इन्स्टिट्यूट सुरू केली आणि देशभरातली मुले त्या फरशीवर संकलन शिकू लागली. तिथल्या कामाची रीत आजच्या मुलांना मुद्दाम सांगायला हवी. लॅबमधून रश प्रिंट, म्हणजे चित्रणाची पहिली प्रत, यायची. स्टीनबेक या संकलन-यंत्राच्या टेबलावर ती पुढेमागे फिरवायची, हवा तो तुकडा कापायचा, पारदर्शक चिकटपट्टीने जोडायचा आणि उरलेल्या पट्ट्या कापडी पिशवी लावलेल्या चौकटीवर खिळ्यांना टांगायच्या. रीळ हजार फुटांचे, म्हणजे ३५ मिलिमीटरचे चित्र असेल तर अकरा मिनिटांचे. फेड किंवा डिझॉल्व्ह हवा असेल तर टेबलावर तो दिसत नसे. मेणाच्या पेन्सिलीने फितीवर खूण करायची. चित्र अंधारात विरायचे असेल तर दोन्ही कडांपासून निघालेल्या रेघा एका टोकाला मिळवायच्या. त्या जितक्या चौकटींवर पसरतील तितका वेळ फेड चालणार. बाकी काम लॅबचे. १६ मिलिमीटरवर काम असेल तर निगेटिव्हच्या दोन रिळांत एकाआड एक शॉट लावायचे, एका रिळात चित्र असेल तिथे दुसऱ्यात काळी पट्टी, आणि डिझॉल्व्हच्या जागी दोन्ही चित्रे एकमेकांवर येतील इतकी लांब ठेवायची.

म्हणजे विद्यार्थ्याने ठरवलेला इफेक्ट त्याला दिसायचा तो प्रिंट हातात आल्यावर. चोवीस चौकटींचा डिझॉल्व्ह लिहिला आणि तो घाईचा वाटला, तर पुन्हा पैसे, पुन्हा लॅब. त्यामुळे पेन्सिल उचलण्यापूर्वी मुले भांडत. इथे डिझॉल्व्ह कशाला, सरळ कट का नको, काळ गेला हे दाखवायचे आहे की आठवण आली हे? त्या भांडणांतून तयार झालेल्यांपैकी रेणू सलुजा हे मोठे नाव. १९७६ मध्ये त्या संकलन शिकून बाहेर पडल्या. 'परिंदा'च्या संकलनासाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्यांचे काम पाहिले की कट हाच सगळ्यात मोठा इफेक्ट आहे, हे पटते.

मग व्हिडिओ आला आणि सगळा व्यवहार बदलला. १९८२ च्या आशियाई खेळांनंतर रंगीत दूरदर्शन आणि व्हीसीआर छोट्या शहरांत पोचले. भिलाईची वसाहत पगारदार, देशाच्या सर्व भागांतून आलेल्या माणसांची. अशा गावात लग्नाच्या कॅसेटला मागणी नसती तरच नवल. दोन प्लेअर, एक रेकॉर्डर आणि मध्ये मिक्सर, असा हा संसार. नव्वदच्या दशकात पॅनासोनिकचा एमएक्स-५० हा मिक्सर लग्नाच्या स्टुडिओंत फार चालला. बटण दाबले की नवरीचा चेहरा बदामाच्या आकारातून उमलायचा, चित्राच्या खिडक्या व्हायच्या, एक दृश्य दुसऱ्याला ढकलत बाहेर काढायचे.

दृश्य बदलण्याच्या या करामतींना, म्हणजे वाइपांना, शिकलेले लोक नाके मुरडतात. ते योग्य नाही. पुण्याच्या मुलांना इफेक्ट प्रिंट आल्यावरच दिसत होता. या पोरांना तो बोटाखाली त्याच क्षणी दिसू लागला. छोट्या शहरांतल्या कितीतरी संकलकांचे शिक्षण या मिक्सरवर झाले. तोटाही होता. टेपवरून टेपवर उतरवताना दर पिढीला चित्र मऊ पडायचे आणि रंग वाहायचे, म्हणून फार थर चढवता येत नसत. शिवाय सरळ रेषेत जोडत जावे लागे. मध्येच एक शॉट घुसवायचा तर पुढचे सगळे पुन्हा.

छत्तीसगडी चित्रपटाची वाट या व्हिडिओच्या शेजारून गेली. मनू नायक यांचा 'कहि देबे संदेस' १९६५ चा, कृष्णधवल. महंमद रफी त्यात छत्तीसगडीत गायले, आणि जातीबाहेरच्या प्रेमाची गोष्ट असल्याने वादही झाला. नंतर मोठा खंड पडला. सतीश जैन यांचा 'मोर छंइहां भुंइया' २७ ऑक्टोबर २००० ला लागला, छत्तीसगड राज्य जन्मण्याच्या अवघे काही दिवस आधी. त्याच्या यशाने इथे धंदा उभा राहिला, आणि तोपर्यंत संकलन संगणकावर आलेले होते. ॲव्हिडची पहिली यंत्रे १९८९ मधली, अडोबी प्रीमियर १९९१ चे, आफ्टर इफेक्ट्स १९९३ चे. भिलाईचेच अनुराग बसू यांचा 'बर्फी' २०१२ चा; कथा सरळ न सांगता काळात मागेपुढे उड्या मारत जाते, आणि या उड्या चौकटी पुढेमागे सरकवून तपासता येतात म्हणूनच इतक्या मोकळ्या मनाने घेता येतात.

आजच्या विद्यार्थ्याला सगळ्यात आधी मोह होतो तो हिरव्या पडद्याचा. रंगीत पडद्यापुढे चित्रण करून मागचे दृश्य बदलण्याची युक्ती १९४० च्या 'थीफ ऑफ बगदाद'मध्ये लॅरी बटलर यांनी वापरली आणि त्यांना ऑस्कर मिळाले. तेव्हा पडदा निळा होता. हिरवा रंग रुजला तो डिजिटलबरोबर. कॅमेऱ्याच्या सेन्सरवर हिरवा रंग टिपणारे ठिपके लाल किंवा निळ्यापेक्षा दुप्पट असतात, त्यामुळे हिरव्याची कड जास्त स्वच्छ मिळते. कापडाच्या दुकानातून चार मीटर हिरवे कापड आणून भिंतीला टाचले की काम झाले असे वाटते. मग टाइमलाइनवर पाहावे तर केसांच्या कडेला हिरवी झाक, गालावर हिरवा उजेड, कापडाच्या सुरकुत्यांत सावल्या. उपाय सॉफ्टवेअरमध्ये नंतर शोधायचा. आधी नटाला कापडापासून सहा-सात फूट पुढे घ्यायचे, कापडाला इस्त्री करायची, आणि कापडावर एक व माणसावर एक असे वेगळे दिवे लावायचे.

पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटने २०१७ पासून देशातल्या लहानमोठ्या शहरांत छोटे अभ्यासक्रम घ्यायला सुरुवात केली; त्यांत मोबाइलवर चित्रपट करण्याचेही वर्ग होते. भिलाईतल्या मुलांना पहिला धडा म्हणून फाळक्यांची जुनी चलाखी द्यावी: माणूस चौकटीतून नाहीसा करणे. मोबाइल तिपाईवर घट्ट बसवायचा. फोकस आणि उजेड दोन्ही लॉक करायचे, कारण माणूस निघून गेला की मोबाइल आपणहून उजेड कमीजास्त करतो आणि सांधा उघडा पडतो. हातदांडा थांबताना आणि पुन्हा सुरू होताना चौकटी जास्त उजळ यायच्या म्हणून फाळक्यांच्या काळी त्या कात्रीने काढाव्या लागत. अडचण तीच, फक्त यंत्र बदलले. नटाने हात वर करून थांबायचे, पुतळ्यासारखे. कॅमेरा चालू ठेवून त्याला बाहेर काढायचे, रिकामी जागा घ्यायची. मागे झाडाची फांदी किंवा रस्त्यावरची सायकल हलत असेल तर ती पुन्हा त्याच जागी येईपर्यंत थांबायचे. मग टाइमलाइनवर दोन तुकडे शेजारी ठेवून सांधा एकेक चौकट मागेपुढे सरकवायचा, हात वर जात असतानाच कापायचे की तो पोचल्यावर, हे दोन्ही करून पाहायचे, आणि लगेच पुढे ज्याने ते पाहिले त्याचा चेहरा जोडायचा.